अर्ज कोणी भरला?

मे महिना आपल्याकडे लग्नसराईचा. विवाह ठरला, की वर आणि वधू धर्मगुरूच्या कार्यालयात येतात आणि धर्मगुरू दोघांना वेगवेगळे बसवून विचारतो, हा विवाह तू स्वखुशीने करीत आहेस ना? तुझ्यावर कोणी दडपण आणले आहे काय? त्या वेळी आईबाप दाराबाहेर बाकावर बसलेले असतात. स्थळ त्यांनी पाहिलेले असते, हॉल त्यांनी ठरवलेला असतो, बँडवाल्याला विसार त्यांनीच दिलेला असतो. तरीही त्या पाच-दहा मिनिटांपुरता त्यांना आत मज्जाव. १९८३ च्या धर्मसंहितेतील १०५७ व्या कलमाचा आशय स्पष्ट आहे: विवाह घडतो तो त्या दोघांच्या संमतीने, आणि ती संमती त्यांच्या वतीने दुसरी कोणतीही मानवी सत्ता देऊ शकत नाही.

त्याच महिन्यात, पुष्कळदा त्याच घरात, धाकटे भावंड बारावी होऊन बसलेले असते. त्याचाही एक अर्ज त्या दिवसांत भरला जातो. पुढची तीन-चार वर्षे त्या अर्जाने ठरतात आणि अनेकांच्या बाबतीत त्यापुढचेही बरेच काही ठरते. हा अर्ज नाक्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात भरला जातो. खुर्चीवर दुकानदार, त्याच्या खांद्यावरून वाकलेले वडील, फोनवर कुवेतचा मामा. आणि ज्याचे नाव अर्जावर आहे तो मुलगा बाहेर दुचाकीवर बसलेला. ओटीपी आला, की तो ओरडून सांगायचा, एवढेच त्याच्याकडे काम.

माझे म्हणणे थोडक्यात मांडतो, म्हणजे ज्यांना ते पटणार नाही त्यांना पुढे वाचण्याचे कष्ट पडू नयेत. पदवीच्या पहिल्या वर्षाचे विषय निवडण्याचा अधिकार त्या मुलाचा किंवा मुलीचा आहे. ती निवड जाणतेपणी करता यावी, म्हणून परीक्षा संपल्यापासून महाविद्यालय उघडेपर्यंतचा काळ त्यांच्या हाती मोकळा असला पाहिजे. आपण त्यांचा अधिकारही काढून घेतो आणि काळही.

ह्यावर येणारे पहिले उत्तर मला पाठ आहे. फादर, तुम्हांला संसार नाही, फी तुम्हांला भरायची नाही, बोलायला तुमचे काय जाते? खरे आहे, फी मी भरीत नाही. परंतु जो पैसे देतो त्याचाच शब्द चालायचा, असा न्याय लावायचा असेल, तर तो मे महिन्यातल्या त्या दुसऱ्या खोलीतही लावावा लागेल, आणि तिथे तो लावू द्यायला आपल्यापैकी एकही पालक तयार होणार नाही. मुलाला सल्ला द्यावा, हिशेब समोर मांडावा, घरात किती पैसा आहे आणि किती कर्ज आहे हे स्पष्ट सांगावे. तो तर पालकांचा धर्मच आहे. परंतु सल्ला देणे वेगळे आणि मुलाला बाहेर दुचाकीवर बसवून ठेवणे वेगळे.

दुसरे उत्तर असे, की एवढ्याशा मुलांना काय कळते? हे उत्तर मी अधिक गांभीर्याने घेतो, कारण त्यात तथ्य आहे. त्यांना खरोखरच कमी कळते. पहाटेची शिकवणी, दुपारचे कॉलेज, संध्याकाळची शिकवणी आणि रविवारी चाचणी, अशी दोन वर्षे काढलेल्या मुलाला अपेक्षित प्रश्नसंच कळतो. अर्थशास्त्र म्हणजे काय आणि समाजशास्त्राचा माणूस दिवसभर कोणते काम करतो, हे त्याला कोण आणि केव्हा सांगणार होते? अज्ञान आपणच पोसायचे आणि पुढे त्याच अज्ञानाच्या नावाखाली त्याची निवड आपण करायची, हा व्यवहार सरळ नाही.

आता त्या अर्जाकडे वळू. आपल्यापैकी जे चाळीस वर्षांपूर्वी महाविद्यालयात गेले त्यांच्या वेळी कला, वाणिज्य वा विज्ञान अशी शाखा एकदा घेतली, की पहिल्या वर्षाचे बरेचसे विषय ठरल्यासारखेच असत. आज तसे नाही. केंद्र सरकारने २९ जुलै २०२० रोजी नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण मंजूर केले. आपल्या राज्यात पदवीच्या वर्गांना ते आधी स्वायत्त महाविद्यालयांत, २०२३-२४ पासून, आणि नंतर संलग्न महाविद्यालयांत, २०२४-२५ पासून लागू झाले. वर्षाला ४० ते ४४ श्रेयांक मिळवायचे. एक श्रेयांक म्हणजे वर्गातले १५ तास किंवा प्रात्यक्षिकाचे ३० तास. एक मुख्य विषय, त्याच्या जोडीला एक दुय्यम विषय, शिवाय एक खुला विषय, कौशल्याचा विषय, भाषा, भारतीय ज्ञानपरंपरा, मूल्यशिक्षण आणि राष्ट्रीय सेवा योजना किंवा क्रीडा यांसारखे उपक्रम, असे हे ताट आहे. ते फार भरलेले आहे, आणि कित्येक प्राध्यापकांची त्याविषयी तक्रार आहे. तो वाद मी इथे काढीत नाही.

परंतु ह्या ताटात एक वाटी अशी आहे, की जिचे मला मनापासून कौतुक वाटते. आपल्या राज्याच्या आराखड्याप्रमाणे खुला विषय हा स्वतःच्या शाखेबाहेरचाच घ्यावा लागतो. म्हणजे रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने अर्थशास्त्र वाचावे, हिशेबनीस होऊ पाहणाऱ्या मुलीने इतिहास किंवा काव्य शिकावे, अशी सोय कायद्यानेच करून ठेवली आहे. पहिले वर्ष चाचपून पाहण्यासाठी असावे, आणि वर्षाअखेर विद्यार्थ्याला त्याच व्यापक विद्याशाखेत मुख्य विषय बदलता यावा, असाही विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्याचा रोख आहे. आणि प्रत्यक्षात काय होते? कित्येक ठिकाणी खुल्या विषयांची यादी दोन-तीन नावांची. त्यातलाही विषय मूल निवडते तो तास सकाळी लवकर संपतो म्हणून, मैत्रिणीने घेतला म्हणून किंवा त्या सरांचे गुण सैल असतात म्हणून. यादी तोकडी असेल तर तो महाविद्यालयाचा दोष होय, आणि पालकांनी फीची पावती दाखवून त्याचा जाब विचारावा. परंतु यादीच न वाचणे हा दोष कोणाचा?

नावावर भुलण्याची आपली सवय किती जुनी आहे, ह्याचे अलीकडचे उदाहरण पाहा. आपल्या भागात ‘बीएमएस’ ह्या तीन अक्षरांना काही वर्षे मोठी झळाळी होती. मुलगा काय करतो, तर बीएमएस करतो. २०२४ साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने बीएमएस, बीबीए, बीसीए हे अभ्यासक्रम आपल्या अखत्यारीत घेतले आणि त्यांच्या प्रवेशासाठी राज्याची सामायिक परीक्षा आली. तेव्हा अनेक महाविद्यालयांनी काय करावे? त्यांनी पाटी बदलली. बीएमएसच्या जागी व्यवस्थापन विषयातील बी.कॉम. आले आणि त्याला परीक्षा लागली नाही. त्या उन्हाळ्यात पालकांची जी धावपळ झाली ती पाटीची होती. ह्या अभ्यासक्रमात शिकवतात काय, गणित किती, लेखन किती, पुढे काय करता येते, असे विचारणारे किती जण भेटले, हे कोणत्याही महाविद्यालयाच्या कार्यालयातल्या कारकुनाला विचारून पाहावे.

आणि मग तो शब्द, ‘स्कोप’. पारूवर, ओट्यावर, लग्नाच्या पंगतीत, मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात, जिथे बारावीचे मूल दिसेल तिथे कोणीतरी त्याला सांगत असतो, की कशात स्कोप आहे आणि कशात नाही. सांगणारा बहुधा स्वतः त्या क्षेत्रात नसतो. वीस वर्षांपूर्वी स्कोप डी.एड.मध्ये होता. गावोगाव अध्यापक विद्यालये निघाली, देणग्या दिल्या गेल्या, आणि मुलगी शिक्षिका झाली म्हणजे तिचे कल्याण झाले, अशी पक्की समजूत झाली. २०१२ साली शासनाने शिक्षकभरती थांबवली आणि पदविका हातात घेतलेली मुले वर्षानुवर्षे घरी बसली. त्यानंतर अनेक अध्यापक विद्यालयांना विद्यार्थी मिळेनासे झाले. मग स्कोप अभियांत्रिकीत गेला; तिथेही पुढे जागा रिकाम्या राहिल्या. बाजाराचे वारे फिरते, त्याला कोणाचा इलाज नाही. पण वाऱ्याच्या भरवशावर होडी लोटणाऱ्याला निदान पोहता तरी यावे, हे पाचूबंदरच्या आमच्या कोळी बांधवांना शिकवावे लागत नाही. ज्याने आपल्या आवडीचा विषय नीट, मुळापासून शिकला, त्याला एक बाजार बंद झाला तरी दुसऱ्या बाजारात उभे राहता येते. ज्याने मामाच्या सांगण्यावरून न आवडणारा विषय कसाबसा ओढला, त्याचे दोन्हीकडून जाते.

इथवर मी जे बोललो ते बव्हंशी मुलांविषयी. मुलींच्या बाबतीत ही गोष्ट अधिक कठोर होते, म्हणून तिथे जरा थांबतो. गेल्या उन्हाळ्यात एक माउली आपल्या मुलीच्या प्रवेशासाठी धर्मग्रामाचा दाखला न्यायला आली. मुलीला बारावी विज्ञानात चांगले गुण होते आणि तिला रसायनशास्त्र घ्यायचे होते. घेतले होते वाणिज्य, कारण ते महाविद्यालय घरापासून जवळ. मी कारण विचारले तेव्हा ती बाई अगदी निर्मळपणे म्हणाली, “फादर, आता एका वर्षातच सर्टिफिकेट देतात म्हणे. तेवढे झाले म्हणजे मग तिचे बघू.” मुलगी शेजारीच उभी होती. ती काही बोलली नाही.

त्या प्रमाणपत्राची ही गोष्ट घरोघरी अर्धीच पोहोचली आहे. आयोगाचा नियम असा आहे, की पहिल्या वर्षाचे ४० श्रेयांक मिळवून कोणी बाहेर पडू इच्छीत असेल, तर त्याने त्या वर्षाच्या उन्हाळी सुट्टीत ४ श्रेयांकांचा एक व्यवसायविषयक अभ्यासक्रमही पुरा केला पाहिजे. तेव्हाच प्रमाणपत्र मिळते. बाहेर पडलेल्याला तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि एकूण सात वर्षांच्या मर्यादेत पदवी पुरी करता येते. अडचणीत सापडलेल्या विद्यार्थ्याचे वर्ष फुकट जाऊ नये, ही त्यामागची भावना चांगलीच आहे. परंतु दार सगळ्यांसाठी सारखे उघडे असले, तरी त्यातून बाहेर ढकलले कोण जाणार? डॉक्टरांचा मुलगा एका वर्षाचे प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडणार नाही. पडेल ती वाडीवाल्याची मुलगी, मच्छी विकणाऱ्या बाईची मुलगी, वडील आजारी असलेल्या घरातली थोरली. तीन वर्षांत परत येता येते, हे कागदावर खरे आहे. कडेवर मूल घेऊन पहिल्या बाकावर परत येऊन बसलेली विद्यार्थिनी ज्यांनी पाहिली असेल त्यांनी मला जरूर कळवावे. मला तिला भेटायचे आहे. ज्या पालकांनी प्रवेश घेतानाच ‘एक वर्ष पुरे’ असे मनाशी ठरवले आहे, त्यांनी त्या मुलीला तसे स्पष्ट सांगण्याचे धैर्य तरी दाखवावे.

आता उन्हाळ्याविषयी. वैद्यकीय किंवा अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षा देणाऱ्यांची गोष्ट मी सोडून देतो. त्यांचे एप्रिल-मे त्या परीक्षांनी आधीच गहाण ठेवलेले असतात. पण साध्या पदवीकडे जाणाऱ्या मुलांची राज्य मंडळाची परीक्षा फेब्रुवारीत सुरू होऊन मार्चमध्ये संपते. निकाल २०२४ साली २१ मे रोजी लागला, २०२५ साली ५ मे रोजी. वर्ग भरतात पावसाळ्याच्या तोंडावर किंवा पाऊस पडू लागल्यावर. म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच दोन-तीन महिने असे मिळतात, की ज्यांच्यावर कोणत्याही वेळापत्रकाचा हक्क नाही. त्यांचे आपण काय करतो? एकतर ‘व्हेकेशन बॅच’ लावतो, म्हणजे जो विषय अजून निवडलाच नाही त्याची शिकवणी आधी सुरू होते. नाहीतर मूल मोबाइलवर पडून राहते आणि आपण त्याला आळशी म्हणतो.

ह्या काळात काय करता येण्याजोगे आहे ते सांगतो. त्याला पैसा जवळजवळ लागत नाही. विद्यापीठाचे अभ्यासक्रम कोणालाही पाहता येतात. ज्या तीन विषयांविषयी मनात घोळ आहे त्यांच्या पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम काढावा आणि प्रत्येकाचे एक पुस्तक ग्रंथालयातून आणून निदान पहिली दोन प्रकरणे वाचावीत. ज्या पुस्तकाच्या चाळिसाव्या पानावरही झोप येत नाही, तो विषय आपला असण्याचा संभव अधिक. मग त्या विषयाच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या विद्यार्थ्याला गाठावे. पहिल्या आलेल्यापेक्षा एकदा नापास होऊन पुन्हा उभा राहिलेला मिळाला तर अधिक चांगले, कारण तो खरे सांगतो. आठ दिवस कोणाच्या तरी कामावर जाऊन बसावे: वकिलाच्या कचेरीत, पतपेढीत, औषधाच्या दुकानात, फुलांचा माल घेऊन पहाटेच्या गाडीने दादरला जाणाऱ्या काकांबरोबर. त्यातले शेवटचे काम केलेल्या मुलाला वाणिज्याचा पहिला धडा वेगळा शिकवावा लागत नाही. आणि जे मराठी माध्यमातून आले आहेत त्यांनी रोज एक पान इंग्रजी वाचून त्याचा गोषवारा लिहावा. पहिल्या सत्रात जी मुले मागच्या बाकावर जाऊन गप्प होतात, त्यांतली कित्येक विषयामुळे गप्प झालेली नसतात. भाषेमुळे झालेली असतात, आणि त्यावरचा उपाय जुलैत नव्हे, एप्रिलमध्ये सुरू करायचा असतो. पुढे संशोधनासह चौथ्या वर्षाची ऑनर्स पदवी घ्यावी असे ज्यांच्या मनात येईल त्यांना पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात, आणि त्या सहांत हे पहिले सत्रही मोजले जाते.

कोणी म्हणेल, पुस्तके चाळण्यात आणि लोकांच्या कचेऱ्यांत बसण्यात महिने घालवायचे, ही चैन झाली. सेमिनरीत आम्हांला तत्त्वज्ञान आधी शिकवले आणि ईशज्ञान नंतर, हे सर्वांना ठाऊक आहे. पण तत्त्वज्ञानाच्याही आधी, उमेदवाराने स्वतःला ओळखावे म्हणून, एक ते दोन वर्षांचा पूर्वतयारीचा काळ असावा, असे २०१६ साली रोमहून निघालेल्या धर्मगुरूंच्या प्रशिक्षणाच्या मूलभूत आराखड्यात म्हटले आहे. चर्चला उमेदवारांची टंचाई असतानाही ते घाई करीत नाही. आपल्या मुलांसाठी आपण दोन वर्षे मागत नाही. दोन महिने मागतो.

भाषेविषयी दोन वाक्ये लिहिल्यावाचून राहवत नाही. अर्जात मराठीचा रकाना आला, की आपलीच मुले, आणि त्याहून अधिक त्यांचे पालक, मान फिरवतात. मराठी घेऊन काय करायचे? फादर थॉमस स्टीफन्स जन्माने इंग्रज. ते १५७९ साली गोव्यात आले, इथली भाषा शिकले, आणि त्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले. मराठीत किती स्कोप आहे हे त्यांना कोणी सांगितले नसावे. त्यांचा ग्रंथ ज्यांच्या घरी अभिमानाने सांगितला जातो, त्या घरांतून मराठी हा मुख्य विषय म्हणून घेणारी मुले हाताच्या बोटांवर मोजावीत, ही गोष्ट मला बोचते.

उरला प्रश्न आपल्या धर्मग्रामांचा, आणि तिथे मी इतरांना दोष देऊन मोकळा होऊ इच्छीत नाही. दरवर्षी मे महिन्यात आपल्या सभागृहांत ‘करिअर मार्गदर्शन’ नावाचा कार्यक्रम होतो. पडदा लागतो, प्रोजेक्टर लागतो, चहा-समोसा होतो. व्यासपीठावर बहुधा अशा संस्थेचा प्रतिनिधी असतो जिला आपल्या जागा भरायच्या आहेत, आणि निघताना प्रत्येकाच्या हाती तिचे रंगीत पत्रक असते. सभागृह धर्मग्रामाचे, माइक धर्मग्रामाचा, आणि विक्री दुसऱ्याची. आपण देवळाच्या आवारात फुगेवाल्याला परवानगी देताना ह्याहून अधिक चौकशी करतो. ज्याला जागा विकायच्या आहेत त्याच्या हाती आपला माइक देऊ नये, अशी माझी धर्मग्राम मंडळांना सूचना आहे. त्याऐवजी एप्रिल-मेमधील चार रविवारी, मिस्सेनंतर तासभर, आपल्याच धर्मग्रामातली दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुले-मुली आपापली वेळापत्रके, पुस्तके आणि गुणपत्रिका घेऊन सभागृहात बसावीत आणि बारावीच्या मुलांनी त्यांना हवे ते विचारावे. पालकांनी त्या तासापुरते बाहेर बाकावर थांबावे. चहा तिथे पोहोचवला जाईल.

ह्या लेखावर ज्यांचे आक्षेप असतील त्यांनी ते पुढील अंकासाठी संपादकांकडे अवश्य लिहून पाठवावेत. मात्र पत्र पाठवणारा किंवा पाठवणारी अठरा वर्षांची असेल, तर त्यांचे पत्र आधी छापावे, अशी संपादकांना माझी विनंती आहे.